चार एकर, एक फ्लॅट आणि लेकीची सही

माई, नमस्कार. आमचं गाव पैठण तालुक्यात, बिडकीनच्या जवळ. सासऱ्यांकडून आलेली ४ एकर जमीन आहे. विहीर आहे, २ एकर मोसंबी, बाकी कपाशी-तूर. मालक शिक्षक होते, आता पेन्शनवर. शेती बटईनं दिलेली. मुलगा पुण्यात आयटी कंपनीत, वय २९, हातात ८५ हजार पडतात. वाघोलीत मित्रासोबत राहतो, फ्लॅटचं भाडं २२ हजार, दोघं निम्मं-निम्मं भरतात. त्याच बिल्डिंगमधला तसाच फ्लॅट ८० लाखाला सांगायलेत. इकडं एजंट दिवसाआड दारात. एकरी ३५ लाख म्हणायलेत, निम्मे चेकनं, निम्मे रोख. मुलगा म्हणतो, सगळी विकू, फ्लॅट घेऊ, उरलेले बँकेत टाकू. स्थळं येतात ती पहिलं विचारतात, पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का. दुसरं विचारतात, गावाकडं शेती किती. लेक जालन्याला दिली. तिला हक्कसोडपत्रावर सही करायला ये म्हणलं. "करते" म्हणाली आणि फोन ठेवला. पंधरा दिवस झाले, तिचा फोन नाही. बटईदाराचं घर वीस वर्षांपासून आमच्याच वावरात आहे. त्याचा पोरगाही पुण्यातच, बिल्डिंगवर सेंट्रिंगच्या कामाला. मालक म्हणायलेत, असा भाव पुन्हा येणार नाही. मला झोप लागेना. काय करावं?
एक आई, पैठण तालुका

ताई,

चारही एकर विकू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे निदान आजची रात्र तुम्हाला झोप लागेल. पुढंमागं एखादा एकर विकायची वेळ आलीच तर ती कशी विकायची, तेही सांगते. पण आधी घरातली घाई थांबवा. एजंटाला सांगा, दिवाळीत मुलं आली की बसून बोलू, तोवर येऊ नका.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच वाळूज-बिडकीन पट्ट्यातल्या शाखांत. मावेजा, म्हणजे संपादनात गेलेल्या जमिनीची भरपाई, आला की घराचं काय होतं, हे मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. ज्याच्या पासबुकात कधी वीस हजारांच्या वर आकडा चढला नाही, त्याच्या नावावर एका दुपारी लाखो रुपये जमा व्हायचे. पहिल्या महिन्यात माणूस शहाण्यासारखा एफडी करायचा. सहाव्या महिन्यात लेकीच्या लग्नासाठी ती मोडायला यायचा. मग घरावर स्लॅब, मग जीप, मग भावाभावांत वाटणीची भांडणं, मग वकील. तिसऱ्या वर्षी तोच माणूस पाचशे रुपये काढायला रांगेत उभा दिसायचा. ती माणसं उधळी नव्हती हो. पेरणीला किती लागतात, खताला किती, सावकाराला किती, याचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. एकरकमी पैसा कसा धरून ठेवायचा, हे मात्र त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं, आणि मागणारे हात दारात उभेच होते.

आमच्या घरीही हेच झालं. वडलांची जमीन वाळूजकडं होती, ती १९८० च्या दशकात संपादनात गेली. त्या पैशात माझ्या दोन बहिणींची लग्नं झाली, घर बांधून झालं, आणि पैसा संपला. पुढं माझा धाकटा भाऊ एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीचा वॉचमन म्हणून लागला. तो कारखाना आमच्याच वावरात उभा होता. विहीर बुजवून तिथं गाड्यांचा तळ केला होता. एकदा डबा द्यायला गेले तर त्यानं मला बोटानं दाखवलं, "अक्का, आपलं लिंबाचं झाड तिथं होतं बघ, त्या खांबापाशी." त्यानं कधी तक्रार केली नाही. मला ती जागा अजून बघवत नाही.

म्हणून मी "जमीन आपली आई आहे" असं काही तुम्हाला सांगणार नाही. असं बोललात तर मुलगा म्हणेल, आईला व्यवहार कळत नाही. त्याच्याशी व्यवहाराचंच बोला. त्यातला पहिला प्रश्न हा की, ३५ लाख हा भाव आला कुठून?

तो मोसंबीतून आलेला नाही, हे तुम्हीही जाणता. २०१२ च्या दुष्काळात आपल्याकडच्या बागा कशा वाळल्या, लोकांनी टँकरनं झाडं कशी जगवली, ते तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. हा भाव आला तो दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातून. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहतंय. शेंद्र्याच्या टप्प्याचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झालं. तिथं कोरियाची ह्योसंग कंपनी धागा बनवते. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं छत्रपती संभाजीनगरात गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सोलमध्ये नाहीतर टोकियोत कुणीतरी एका कागदावर सही करतं आणि आठ दिवसांत तुमच्या गावात एजंटाची मोटारसायकल येते. जागतिकीकरण हा शब्द तुमच्या मालकांनी शाळेत फळ्यावर लिहिला असेल. आता ते तुमच्या ओसरीवर बसून चहा पितंय.

एजंट तुमची जमीन मोसंबीसाठी घेत नाही. पाच-सात वर्षांत पुढची घोषणा होईल, रस्ता रुंद होईल, तेव्हा विकू, अशा हिशेबानं त्याच्या मागचा पैसेवाला ती घेतो आहे. तो थांबायला तयार आहे. मग घाई तुम्हीच का करायची? मालकांना हे नीट सांगा. मात्र भाव वाढतच जाईल असंही मी म्हणत नाही. घोषणा होतात आणि वर्षानुवर्षं अडकून पडतात, तोंडी भावाला गिऱ्हाईक मिळत नाही, हेही मी पाहिलं आहे. तुमच्यावर कर्ज नाही, पेन्शन चालू आहे, विहिरीला पाणी आहे, कुणाचा तगादा नाही. विकायला भाग पाडणारं काहीच नसताना विकायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता पुण्याकडं बघू. मुलाला वाटतंय की २९ व्या वर्षीही आपल्याला घर घेता आलं नाही, म्हणजे आपण कमी पडलो. ही गाठ आधी सोडवा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत आयटी पार्क उभं राहायला लागलं. परदेशी कंपन्यांची कामं पुण्यात आली आणि त्यांच्यामागून पैसा आला. २००५ मध्ये केंद्र सरकारनं बांधकाम क्षेत्रात १०० टक्के परदेशी गुंतवणुकीला वाट मोकळी केली. एप्रिल २०१९ मध्ये ऑफिसांच्या इमारतींचं भाडं वाटून देणारा देशातला पहिला ट्रस्ट शेअर बाजारात आला, त्यात हिंजवडीतल्या इमारतीही होत्या. म्हणजे तुमच्या मुलासारखी मुलं जिथं बसून काम करतात, त्या खुर्चीखालच्या जागेचं भाडं जगात कुठं कुठं पोचतं बघा. ऑफिसांच्या भोवतालची जमीन महागली, तिच्या भोवतालची त्याहून लांबची महागली, आणि ती लाट वाघोलीपर्यंत आली. ज्यांची कमाई डॉलरमध्ये आहे, ज्यांना काळा पैसा जिरवायचा आहे, ज्यांनी स्वतःची जमीन विकून पैसा मोकळा केला आहे, ते सगळे एकाच बाजारात बोली लावतात, आणि तुमचा मुलगा ८५ हजारांचा पगार घेऊन त्यांच्या रांगेत उभा आहे. तो कमी पडलेला नाही. ती रांग त्याच्यासाठी लावलेलीच नव्हती.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी होती. घर कमी म्हणून महाग, असं साधं गणित असतं तर एवढ्या घरांना कुलूप कसं? आणि त्याच पुण्यात सदाशिव पेठेत आपल्या बीड-लातूर-नांदेडची पोरं एमपीएससीसाठी कॉट बेसिसवर राहतात. पत्र्याची पेटी कॉटखाली, वह्या उशाशी. आपल्याच संभाजीनगरचं सांगू का? २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. पेपरांत कौतुक झालं. त्या गाड्यांचं कर्ज ट्रॅक्टरच्या कर्जापेक्षा स्वस्त होतं. मी तेव्हा नोकरीत होते. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी आलेल्या माणसाला व्याजदर सांगताना मला त्याच्या तोंडाकडं बघवत नसे.

वाघोली तुमच्या मुलानं का निवडली, तेही मला कळतं. नगरकडून येणारी आपली ट्रॅव्हल्स पहाटे पहिल्यांदा तिथंच रिकामी होते. मराठवाडा पुण्यात उतरतो तो वाघोलीत. २०२१ च्या जूनपर्यंत ती ग्रामपंचायत होती, मग इतर २२ गावांबरोबर महापालिकेत गेली. टॉवर आधी आले. रस्ता, ड्रेनेज, पाणी यांची वाट लोक अजून बघतात. मुलाला विचारा, सोसायटीत महिन्याला टँकरवर किती जातात. जायकवाडीच्या तालुक्यातलं पोर तिकडं टँकरचं पाणी पिऊन राहतंय. संभाजीनगरातही नळ चार-चार, आठ-आठ दिवसांनी येतो म्हणा, मग पुण्याला काय नावं ठेवायची.

आता हिशेब. कागद-पेन्सिल घ्या आणि मालकांना शेजारी बसवा, शिक्षक माणूस आहे, त्यांना हे आवडेल. फ्लॅट ८० लाखांचा. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर ५ लाख ६० हजार, नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असलेली बिल्डिंग असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख. फर्निचर, पंखे, पार्किंग धरून ९५ लाखांच्या आत हे घर उभं राहत नाही. पावणेतीन एकर गेले. बरं, तसल्याच फ्लॅटचं भाडं वर्षाला २ लाख ६४ हजार. ८० लाखांच्या मानानं ते जेमतेम सव्वातीन टक्के पडतं. तेच ८० लाख साध्या एफडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ५ लाख २० हजार व्याज येतं. व्याजावर कर जाईल, भाडं दरवर्षी थोडं वाढेल, हे सगळं धरूनही आज भाड्यानं राहण्यात मुलाचं नुकसान नाही. त्याला तर निम्मंच भाडं भरावं लागतं.

जमीन न विकता कर्ज काढू म्हणाला तर तेही मांडून दाखवा. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे ५२ हजारांचा हप्ता. ८५ हजारांतले ५२ हजार. वीस वर्षांत तो सव्वा कोटीच्या आसपास भरेल. त्याचा पगार अमेरिकेतल्या नाहीतर युरोपातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालत असणार. तिकडं काम कमी झालं की इकडं कपात होते, हे त्यानं मित्रांच्या बाबतीत पाहिलं असेल. नोकरी खराडीहून हिंजवडीला गेली तर सगळं शहर आडवं ओलांडायचं, नाहीतर बंगळुरूला जायचं. भाडेकरू सामान उचलतो आणि जातो. हप्तेवाल्याला ते जमत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नसेल. वावरात तुमच्याकडं माती आहे. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या वाट्याला इमारतीखालच्या जमिनीचा जो हिस्सा येतो तो ओसरीएवढाही नसतो. वर जी भिंत आहे ती दरवर्षी जुनी होते. शहरात भाव जमिनीचा वाढतो, सिमेंटचा नाही. तो अख्खी जमीन देऊन बहुतेक सिमेंट विकत घेतो आहे.

पुण्यातच एक वेगळं उदाहरण आहे, ते मुलाला माहीत असणार. हडपसरला मगरपट्ट्यातल्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी मिळून सुमारे ४०० एकर जमीन विकली नाही, तर एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत हिस्सा घेतला आणि आपल्याच जमिनीवर नगर वसवलं. तिथल्या आयटी पार्कमधून होणारी कमाई त्यांच्या घरांत येते. ते शहराच्या दाराशी होते, बरेचसे एका भावकीचे होते, त्यांच्यात एक जाणता माणूस होता. तुमच्या ४ एकरांवर हे होणार नाही. पण एजंट प्रत्येक घरी वेगवेगळा का येतो, एवढं तरी यातून कळतं. बांधाला बांध असलेली पाच-सहा घरं एकत्र बसली, तर भाव ठरवणारा तो एकटा राहत नाही. विकण्याऐवजी लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देण्याचंही तेव्हाच बोलता येतं. हळदी-कुंकवाला बायका जमतात तेव्हा हा विषय काढा. पुरुष पारावर एकमेकांपासून भाव लपवतात, बायका तेवढं लपवत नाहीत.

स्थळांचं म्हणाल तर, जमीन विकून फ्लॅट घेतलात की दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर देणार? फ्लॅटही हवा आणि शेतीही हवी, असं मागणारे मराठवाड्यात गावोगाव आहेत. मुलीच्या आई-बापांची भीती मी खोटी मानत नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की पोरीनं सामान बांधायचं का, हे त्यांना छळतं. पण मध्यस्थामार्फत बोलू नका. मुलाला आणि मुलीला बोलू द्या. "डोक्यावर कर्ज नाही, पुण्यात भाड्याचं घर, गावाकडं ओलिताची जमीन," असं सरळ सांगू दे. काही स्थळं जातील, जाऊ द्या. जी मुलगी हप्त्याचा हिशेब समजून हो म्हणेल, ती घर धरून ठेवेल.

आता लेकीच्या त्या फोनचं. मी पत्र वाचताना तिथं थांबले होते. जमीन सासऱ्यांकडून आलेली आहे, म्हणजे बहुधा वडिलोपार्जित, पण कायद्यानं ती तशी ठरते का ते वकिलाकडून बघून घ्या. ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्यानं मुलीला अशा मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. तुमची लेक तुमच्याकडं काही मागत नव्हती. तिच्याकडून मागितलं तुम्ही. भावाच्या फ्लॅटसाठी तिनं आपलं माहेर एका सहीनं सोडून द्यायचं, आणि तेही तिला फोनवर सांगितलं. "लग्नात खर्च केलाच की" हे वाक्य तुमच्या घरात कुणी उच्चारलं असेल तर तिनं ते ऐकलं आहे, असंच धरून चाला. माझ्या बहिणींच्याही सह्या अशाच घेतल्या होत्या. त्यातली एक नंतर अठरा वर्षं राखीला आली नाही.

आणि तुमच्या पत्रात मालक आहेत, मुलगा आहे, लेक आहे, बटईदार आहे. हिश्शाच्या गोष्टीत तुम्ही मात्र कुठंच नाही. वाटणी झाली तर बायकोलाही मुलाइतका वाटा मिळतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी स्वतः होऊन बायकोचं नाव सात-बाऱ्यावर लावलं. मालक शिक्षक आहेत, त्यांना ती आठवत असेल. पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी तलाठ्याकडं काय अर्ज करावा लागतो, ते त्यांनाच जाऊन विचारायला सांगा. नावं सात-बाऱ्यावर चढली की एजंटाला एका माणसाला चहा पाजून भागत नाही.

बटईदाराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती लिहिल्यावाचून तुम्हाला राहवलं नाही, हे मला दिसलं. वीस वर्षं तुमची मोसंबी त्यानं जगवली. त्याचा पोरगा पुण्यात ज्या स्लॅबखाली टेकू लावतो, तशाच स्लॅबखाली तुमचा मुलगा राहायला जाऊ पाहतोय. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडची माणसं खडी फोडायला आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर गेली, ती वाट अजून बंद झालेली नाही. जमीन विकली तर पहिलं छप्पर त्याचं जाईल, आणि त्याचा या विक्रीत एक रुपयाही नाही. मालकांचे कुणी कान भरले असतील की हा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल, त्याला आधी उठवा. कागद वकिलाला दाखवा, पण भीतीपोटी त्याला रातोरात उठवू नका. काही बदलायचंच असेल तर एक पीक निघेपर्यंतची मुदत द्या, लिहून द्या. त्याच्या घरापुरती जागा त्याच्याकडं कशी राहील, तेही तहसीलमध्ये विचारा. त्याच्या पोराला माझा निरोप द्या: बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंदणी कर. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदाराकडून नाहीतर ग्रामसेवक किंवा महापालिकेकडून घ्यावा लागतो. मुलांच्या शिक्षणाला, अपघाताला त्यातून मदत मिळते. ठेकेदार स्वतःहून सांगत नाही.

आता, एखादा एकर विकायचाच झाला तर. लग्नासाठी नको, गाडीसाठी नको. दोन-चार वर्षं मुलानं महिन्याला पंचवीस-तीस हजार बाजूला टाकून दाखवले, नोकरी टिकली, राहायचं कुठं ते ठरलं, तर घराच्या पहिल्या रकमेसाठी विचार करा. तेव्हाही रोख घेऊ नका. २०१५ पासून जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला मनाई आहे, आणि पकडलं तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड बसतो. "निम्मे रोख" म्हणणाऱ्याचा फायदा होतो, धोका तुमच्या गळ्यात राहतो. शिवाय कागदावर निम्माच भाव दिसला की उद्या लेकीचा वाटाही निम्म्यावरच मोजला जाईल. खरेदीखतात सगळ्या हिस्सेदारांची नावं लिहा आणि प्रत्येकाचा वेगळा चेक, ज्याच्या त्याच्या खात्यावर. चार नावं, चार चेक. मी बँकेत होते तेव्हा ज्यांनी असं केलं त्यांचे पैसे टिकलेले पाहिले, कारण एकाला मोह झाला तरी दुसऱ्याचा खाते क्रमांक वेगळा असायचा.

जुना सात-बारा आणि फेरफार काढा, निजामाच्या काळापर्यंतच्या नोंदी बघा. आपल्याकडं इनामी जमिनींची भानगड असते. भोगवटादार वर्ग १ आहे की २, ते बघा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. करासाठी अंतर मोजा: गावाजवळच्या नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीपासून, तिच्या लोकसंख्येप्रमाणे, २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन असेल तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. आधी एनए, म्हणजे बिगरशेती, करून घेतलीत तर ही सूट जाते, आणि "एनए करून देतो, भाव जास्त येईल" असं सांगणारे हे सांगत नाहीत. सीएला एकदा विचारा, त्याची फी या सगळ्यात काहीच नाही. आणि थोडी तरी जमीन नावावर राहू द्या. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. सगळी विकून बसलात तर नातवाला परत घ्यावीशी वाटली तेव्हा पुरावे शोधत फिरावं लागेल.

मुलगा कधी फ्लॅट बघायला गेलाच तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक घेऊन त्यांच्या संकेतस्थळावर प्रकल्प तपासू दे. ताबा कधी, कोर्टात काही आहे का, सगळं तिथं असतं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भाव कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर, विचारायचा. आणि संभाजीनगरच्या आसपास गुंठेवारीचा प्लॉट स्वस्तात मिळतोय म्हणून तुमच्या मालकांच्या शाळेतला कुणी जुना सहकारी आला, तर त्याला चहा द्या, इसार देऊ नका.

आता करायचं काय ते सांगते. येत्या आठवड्यात जालन्याला जा. एकट्या जा, मालकांना नेऊ नका, हक्कसोडपत्राचं नावही काढू नका. एसटीत आपल्याला अर्धंच तिकीट लागतं, सकाळच्या गाडीनं गेलात तर संध्याकाळी परत याल, पण मुक्काम करा. सोबत सात-बाऱ्याचा उतारा न्या आणि तिला वाचायला द्या. तिला विचारा, तुला काय वाटतं. ती बोलायला लागेपर्यंत तुम्ही बोलू नका. हे झाल्यावरच पुण्याला फोन लावा.